मारियोची उडी आणि आरपीजीचा मेनू

आत्ता स्क्रीनवर जो सीन चालू आहे तो जरा नीट बघा. व्हिलन बाउझरने राजकन्या पीचला पळवलंय, मारियो त्याच्या किल्ल्यात घुसलाय, वर झुंबरांवर उभं राहून दोघांची मारामारी चाललीय. एरवी मारियोचा गेम जिथे संपतो तोच हा सीन, पण इथे गेम आत्ता कुठे सुरू झालाय. मारामारी संपते, आता पीचला घेऊन घरी जायचं एवढंच राहिलंय असं वाटतं, आणि तेवढ्यात आकाशातून एक अवाढव्य तलवार येऊन थेट किल्ल्यात घुसते आणि तिघं तीन दिशांना फेकले जातात. एक्सॉर नाव त्या तलवारीचं. बाउझर आता व्हिलन राहिलेला नाही, बिचाऱ्याला स्वतःचंच घर परत मिळवायचंय.

गेमचं नाव सुपर मारियो आरपीजी. आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, ज्यात लढून लढून कॅरेक्टरची ताकद वाढवत न्यायची. बनवला स्क्वेअरने, म्हणजे फायनल फँटसीवाल्यांनी, आणि प्रोड्यूसर होते मारियोचे जनक, निन्टेन्डो कंपनीचे स्वतः शिगेरू मियामोतो. जपानमध्ये ९ मार्च १९९६ ला निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर आला, मे महिन्यात अमेरिकेत, आणि युरोपातल्या लोकांना मात्र २००८ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा कुठे तो वी या कन्सोलवर डाउनलोड करता आला.

आता यात एवढं काय, एका कंपनीने दुसऱ्या कंपनीचं कॅरेक्टर घेऊन गेम काढला, असं वाटू शकतं. पण मारियोचे उड्या मारायचे गेम, म्हणजे प्लॅटफॉर्मर, आणि आरपीजी हे दोन प्रकार मुळात एकमेकांच्या उलटे आहेत, आणि ते कसे ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

१९८५ चा सुपर मारियो ब्रदर्स घ्या. पहिल्या लेव्हलमधला मारियो आणि शेवटच्या किल्ल्यातला मारियो, दोघं सारखेच. मशरूम मिळालं तर मोठा होतो, धक्का बसला की परत छोटा, बास. शेवटपर्यंत तो जास्त उंच उडायला शिकत नाही की जास्त जोरात पळायला शिकत नाही. मग पहिल्या दिवशी जो खड्डा ओलांडता येत नव्हता तो महिन्याभराने न बघता कसा ओलांडतो आपण? कारण लेव्हल वाढलेली असते ती आपली, खेळणाऱ्याची, अंगठ्याची.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ ला, ड्रॅगन क्वेस्ट हा आरपीजी आला. त्यात अंगठ्याला काही कामच नाही. मेनू उघडायचा, हल्ला निवडायचा, आकडे पडताना बघायचे. बॉस जड जातोय? मग बाहेर जा, तासभर छोटे राक्षस मारा, एक्सपी, म्हणजे अनुभवाचे पॉइंट, गोळा करा, लेव्हल वाढवा, परत या, आता तोच बॉस आरामात पडतो, आणि आपण मात्र होतो तिथेच आहोत. वाढतं ते कॅरेक्टर.

तर प्रश्न हा होता की या दोन्ही गोष्टी एका गेममध्ये बसवायच्या कशा. मारियोच्या डोक्यावर एचपी, म्हणजे तो किती मार सोसू शकतो तो आकडा, लिहिणं काही अवघड नाही, ते कोणीही करेल. पण उडी मारायचं बटण काढून तिथे 'उडी' असं लिहिलेला मेनू दिला तर तो मारियो उरतो का, हा खरा मुद्दा.

चिहिरो फुजिओका आणि योशिहिको माएकावा, या दोन डायरेक्टरांच्या टीमचं उत्तर तसं साधं होतं. हल्ला मेनूतूनच निवडायचा, पण घाव बसतो त्या क्षणाला बटण परत दाबायचं. टायमिंग जमलं तर जास्त डॅमेज. आणि समोरच्याचा हल्ला येताना बरोबर वेळी दाबलं तर मार कमी बसतो, अगदी अचूक दाबलं तर शून्य. म्हणजे आरपीजीमध्ये जिथे आपण हात बाजूला ठेवून फक्त बघत बसायचो तिथेच त्यांनी अंगठ्याला काम दिलं. प्रत्येक शत्रूचा हल्ला वेगळा, त्याचा ताल वेगळा, तो शिकावा लागतो, आणि एकदा शिकला की आपली लेव्हल कमी असली तरी आपण टिकतो. कॅरेक्टरही वाढतंय आणि आपणही वाढतोय. मला विचाराल तर या अख्ख्या गेममधला सगळ्यात हुशार निर्णय हाच आहे, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

याचं टोक बघायचं तर सुपर जंप. शत्रूच्या डोक्यावर उडी मारायची, पाय टेकायच्या क्षणी बटण दाबलं की परत उडी, परत दाबलं की परत, चुकेपर्यंत. गेममध्ये एक पात्र आहे, सलग ३० उड्या जमल्या की ते एक बक्षीस देतं आणि १०० जमल्या की सुपर सूट, म्हणजे मारियोचं सगळ्यात भारी चिलखत. आता शंभर उड्या कुठल्याही लेव्हलवर मिळत नाहीत, दिवसभर एक्सपी गोळा केलं तरी नाही. चिलखत आरपीजीचं, पण ते मिळवायची अट पूर्ण प्लॅटफॉर्मरची. लोक यावर रात्री घालवतात, आणि ९७ व्या उडीला चुकल्यावर कंट्रोलरचं काय होतं ते सांगायला नको.

लढाईच्या बाहेरही उडी शिल्लक ठेवलीय. शत्रू मैदानात समोर दिसतात, अचानक कुठूनतरी लढाई सुरू होत नाही, त्यामुळे जमत असेल तर त्यांना चुकवून पुढे जाता येतं. हवेत लटकणाऱ्या अदृश्य पेट्या आहेत, उडी मारता मारता डोकं आपटलं तरच सापडतात. चमकणारा स्टार मिळाला की पळत सुटायचं आणि ज्याला धडकू तो शत्रू तिथल्या तिथे आडवा, वर त्याचे एक्सपीसुद्धा मिळतात.

हां, एक गोष्ट मात्र जमली नाही, ते पण सांगितलं पाहिजे. गेम तिरक्या अँगलने दिसतो, आयसोमेट्रिक, आणि आधीच थ्रीडीत रेंडर केलेली चित्रं वापरलीत. दिसायला एकदम भारी, त्यासाठी कार्ट्रिजमध्ये एसए-१ नावाची जादाची चिपसुद्धा घातली होती जी कन्सोलच्या मेन प्रोसेसरपेक्षा बरीच जोरात चालायची. पण तिरक्या अँगलमुळे समोरचा प्लॅटफॉर्म नक्की पुढे आहे की वर आहे हेच कळत नाही. ज्या माणसाचं अख्खं करिअर उडीवर उभं आहे तो इथे साध्या फळीवर चढताना चार वेळा खाली पडतो. आणि दोष आपला नसतो.

स्टोरीत पण उडी आहेच. मारियो या गेममध्ये एक शब्द बोलत नाही. काय घडलं ते कोणाला सांगायचं असेल तर तो नकला करून दाखवतो, मध्येच गोल फिरून पीच होतो, बाउझर होतो, आपटतो, उठतो. आणि समोरचा म्हणाला की तू खरंच तो मारियो आहेस का, तर तो फक्त एक उडी मारतो. लगेच पटतं सगळ्यांना! डायलॉगशिवाय, उडीवर चालणारा विनोद, आणि तो पुन्हा पुन्हा येतो तरी कंटाळा येत नाही.

मग आपला बाउझर. किल्ला गेलेला, सैन्य पळालेलं, पण अकड तीच. मारियोच्या टीममध्ये यायचंय, पण ते मान्य कसं करणार, म्हणून तो असं जाहीर करतो की मारियोलाच मी माझ्या सैन्यात भरती करून घेतलंय. प्लॅटफॉर्म गेममध्ये अकरा वर्षं जो फक्त शेवटच्या पुलावर उभा होता त्याला पहिल्यांदा असं मोकळेपणी बोलू दिलं, आणि तो निघाला सगळ्यात मजेशीर. पुढच्या सगळ्या मारियो आरपीजींमध्ये बाउझर जो फुशारक्या मारताना दिसतो तो इथूनच आलाय. म्युझिक योको शिमोमुरा यांचं, ते तर आजही लोक नुसतं ऐकायला लावतात.

एवढं सगळं जमलं, मग पुढचा भाग? तो नाहीच आला, निदान स्क्वेअरकडून तरी नाही. कारण गेम दुकानात यायच्या आधीच, जानेवारी १९९६ मध्ये, स्क्वेअरने सांगून टाकलं होतं की फायनल फँटसी ७ सोनीच्या प्लेस्टेशनवर येणार. निन्टेन्डो ६४ कार्ट्रिजवर चालणार होता, स्क्वेअरला हवी होती सीडीची जागा. दोन्ही कंपन्या लांब गेल्या त्या कित्येक वर्षांसाठी. मॅलो आणि जीनो, जे खास या गेमसाठी बनवलेले साथीदार होते, तेही त्यात अडकले, पुढच्या मारियो आरपीजींमध्ये ते साथीदार म्हणून कधी परत आलेच नाहीत.

मग निन्टेन्डोने तोच प्रश्न दुसऱ्या टीमला दिला, इंटेलिजंट सिस्टिम्सला. २००० साली निन्टेन्डो ६४ वर आला पेपर मारियो. आणि इथे मला वाटतं विचार अजून एक पायरी पुढे गेला, कारण त्यांनी आकडेच लहान करून टाकले. सुरुवातीला मारियोचा एचपी फक्त १०. उडीचं डॅमेज १. गुम्बा या साध्या शत्रूचा एचपी २. बाकीच्या आरपीजींमध्ये शेवटी शेवटी हजारांचे आकडे उडत असतात, त्यातला एक वाढला काय आणि कमी झाला काय, कोण बघतंय. पण एचपी १० असताना बरोबर वेळी बटण दाबून एक पॉइंट वाचवला तर तो जाणवतो, दिसतो, उपयोगी पडतो. आकडे लहान ठेवल्यामुळे टायमिंगची किंमत वाढली.

शिवाय प्लॅटफॉर्मरमध्ये आपण वर्षानुवर्षं जे शिकलोय तेच इथले नियम. काटेरी शत्रूवर उडी मारली तर आपल्यालाच लागतं, तिथे हातोडाच पाहिजे. उडणाऱ्यापर्यंत हातोडा पोचत नाही, तिथे उडीच. कूपा या कासवाच्या डोक्यावर उडी मारली की तो पाठीवर उलटा पडतो आणि त्याचं संरक्षण जातं. हे कुठल्याही ट्युटोरियलने सांगायची गरज नाही, कूपा उलटा होतो हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे! म्हणजे त्यांनी मारियोला आरपीजीचे नियम शिकवले नाहीत, आरपीजीलाच मारियोचे नियम पाळायला लावले.

तिसरा रस्ता २००३ चा, गेम बॉय अॅडव्हान्सवर, मारियो अँड लुइजी सुपरस्टार सागा. अल्फाड्रीम नावाची कंपनी, डायरेक्टर तेच माएकावा, म्युझिक परत शिमोमुराच. इथे लढताना ए बटण मारियोचं आणि बी बटण त्याचा भाऊ लुइजीचं, आणि चालताना पण दोघांना वेगवेगळी बटणं. शत्रूचा हल्ला येतो तेव्हा नुसता अडवायचा नाही, खरोखर उडी मारून चुकवायचा, आणि उडी नीट बसली तर उलट त्याच्याच डोक्यावर. शत्रू आधी छोटीशी हालचाल करून इशारा देतो की आता मारियोवर येणार की लुइजीवर, ती ओळखायची. पटाईत खेळणारा अख्ख्या लढाईत एकही मार खात नाही. या सिरीजवर माझा जरा जास्तच जीव आहे, त्यामुळे अल्फाड्रीम २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली ते वाचून वाईट वाटलं होतं. २०२४ ला ब्रदरशिप आला, पण तो अक्वायर या कंपनीने बनवला.

आता दुसऱ्या बाजूला सॉनिक, सुसाट पळणारा तो दुसरा गेम-हिरो. २००८ मध्ये बायोवेअरने, म्हणजे मास इफेक्टवाल्यांनी, निन्टेन्डोच्या डीएस या हातात धरायच्या कन्सोलवर सॉनिक क्रॉनिकल्स हा आरपीजी काढला. कंपनी आरपीजीमधली दादा, स्टोरी लिहिण्यात नाव मोठं, लढाईत स्टायलसने, म्हणजे स्क्रीनवर टेकवायच्या पेनाने, टायमिंग साधायची सोयसुद्धा होती. मग अडलं कुठे? सॉनिकची गोष्ट म्हणजे वेग, आणि तो वेग आपल्या हातात नव्हता. मैदानात स्टायलस जिकडे नेला तिकडे तो जातो, रिंगण किंवा उंच कडा आला की तिथे एक चिन्ह दिसतं, ते टच केलं की सॉनिक आपोआप तो स्टंट करतो आणि आपण बघतो. आपण बघतो, हीच अडचण. मेनूतून टायमिंग दिलं, पण ते टायमिंग कुठल्याही हिरोला चाललं असतं, त्यात सॉनिकचं असं काही नव्हतं. वर स्टोरी अर्धवट सोडली पुढच्या भागासाठी आणि पुढचा भाग आलाच नाही.

निन्टेन्डोनेही पुढे गडबड केलीच, असं नाही की त्यांना फॉर्म्युला कायमचा सापडला. २००७ चा सुपर पेपर मारियो परत उड्या मारायचा गेम झाला, फक्त त्यात एचपी होता, आणि एक झकास आयडिया होती की जुन्या गेममधला तो वरच्या कोपऱ्यातला स्कोअर, ज्याचा कधीच काही उपयोग नव्हता, तोच एक्सपी म्हणून मोजायचा. मला आवडला तो. पण २०१२ च्या स्टिकर स्टारमध्ये एक्सपी काढूनच टाकला. प्रत्येक हल्ला म्हणजे एक स्टिकर, वापरला की संपला, आणि लढून मिळतात ती नाणी, ज्यांनी परत स्टिकरच घ्यायचे. मग लढायचं कशाला? लोक शत्रू दिसला की लांबून वळसा घालायला लागले. बटणाचं टायमिंग होतं, उडी होती, सगळं होतं, पण वाढणारं काहीच नव्हतं.

आणि १७ नोव्हेंबर २०२३ ला निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर मूळ सुपर मारियो आरपीजीचा रिमेक आला, आर्टेपियाझा या स्टुडिओकडून, मॅलो आणि जीनोसकट. लढाई जवळजवळ जशीच्या तशी ठेवलीय. बदल केलाय तो टायमिंगमध्येच: अचूक बटण दाबलं तर आता समोरच्या सगळ्या शत्रूंना थोडं थोडं लागतं, आणि सलग जमत गेलं की एक गेज भरत जातो ज्यातून तिघांचा मिळून मोठा हल्ला करता येतो. सुरुवातीला बटण कधी दाबायचं ते सांगायला एक उद्गारचिन्ह दिसतं. तुम्हाला एखादा हल्ला जमायला लागला की गेम ते चिन्ह दाखवणं बंद करतो, आणि परत चुकायला लागलात की परत आणतो. मारियोच्या लेव्हलचा हिशोब मेनूत दिसतोच, पण इथे गेम तुमच्या लेव्हलचाही ठेवतोय.