स्टॉपर जर्नेल सिंग

नमस्कार श्रोतेहो.

फुटबॉलच्या गप्पा रंगल्या की नावं निघतात ती गोल करणाऱ्यांची. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, अलीकडे सुनील छेत्री. बचावपटूची आठवण होते ती बहुतेक वेळा त्याच्या चुकीमुळे गोल झाला म्हणून. आज मी एका बचावपटूबद्दलच बोलणार आहे. भारताचे जर्नेल सिंग.

ते स्टॉपर होते, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, गोलरक्षकाच्या पुढ्यात उभे राहणारे. समोरच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल करायला सगळ्यात पुढे मधोमध खेळणारा, हा त्यांनी अडवायचा माणूस. उंच आलेला चेंडू डोक्यानं परतवायचा आणि जमिनीवरून आलेला टॅकल करून काढून घ्यायचा, हे त्यांचं काम. टॅकल म्हटलं की नुसती धसमुसळेपणाची धडक डोळ्यांसमोर येते, पण खरी गोष्ट वेगळी आहे. चेंडू घेऊन पळणारा खेळाडू दर दोन-तीन पावलांनी चेंडू पुढे ढकलतो आणि तेवढ्यापुरता तो त्याच्या बुटापासून सुटतो. स्टॉपरला नेमकं तेव्हाच घुसायचं असतं. जरा आधी घुसला तर समोरचा त्याला चकवून निघून जातो, जरा उशीर झाला तर पाय चेंडूऐवजी नडगीवर बसतो आणि गोलच्या तोंडाशी पेनल्टी. जर्नेल सिंग यांच्या घसरत मारलेल्या टॅकलचा मोठा दरारा होता. शरीरानं दणकट आणि अंगावर जायला न कचरणारा असा हा गडी.

जन्म १९३६चा, अखंड पंजाबातला. फाळणीत लहानपणीच घरदार सोडून यावं लागलं. पुढे होशियारपूर जिल्ह्यात, माहिलपूरच्या खालसा कॉलेजात फुटबॉल खेळले आणि तिथून थेट कलकत्ता गाठलं. १९५९मध्ये तिथल्या मोहन बागान क्लबमध्ये आले आणि जवळजवळ दहा वर्षं तिथेच राहिले. कलकत्त्याच्या मैदानावर बाहेरून आलेल्या खेळाडूला प्रेक्षक सहजासहजी आपलं म्हणत नाहीत. या सरदारजीला त्यांनी डोक्यावर घेतलं. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्येही ते भारताकडून खेळले. तिथे आपण फ्रान्सला १-१ असं बरोबरीत रोखलं होतं.

आणि मग १९६२. जकार्ताचे आशियाई खेळ. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार चुनी गोस्वामी. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं आपल्याला २-० हरवलं. पुढे थायलंडविरुद्ध आपण जिंकलो, पण जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम झाली आणि टाके घालावे लागले. स्टॉपरचं निम्मं काम डोक्यानं चालतं, तेव्हा त्यांची स्पर्धा संपली असंच कुणालाही वाटलं असतं. उपांत्य सामन्यात रहीम साहेबांनी त्यांना उतरवलं, पण सेंटर फॉरवर्ड म्हणून! डोक्याला पट्टी बांधलेला हा बचावपटू पुढे गेला आणि दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यानं गोल केला. ३-२ असा तो सामना आपण जिंकलो.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशीच. सेनायन स्टेडियम खचाखच भरलेलं, आणि सगळं आपल्या विरुद्ध. इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना यजमानांनी येऊ दिलं नव्हतं. त्यावर भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला, म्हणून लोक चिडलेले होते. आपल्या खेळाडूंची हुर्यो चालली होती. अशा गोंगाटात पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला आणि थोड्याच वेळात जर्नेल सिंग यांनी दुसरा. शेवटी शेवटी कोरियानं एक फेडला, पण सुवर्ण आपलं, २-१. पुरुष फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण आपण त्यानंतर आजतागायत जिंकलेलं नाही.

हे दोन गोल लोकांच्या लक्षात राहिले, त्याचा मला आनंदच आहे. पण मला विचाराल तर जर्नेल सिंग यांचं मोठेपण त्या दोन सामन्यांत मावत नाही. मोहन बागानच्या बचावफळीत वर्षानुवर्षं, पावसाळ्यातल्या चिखलात, दर सामन्याला नवा सेंटर फॉरवर्ड अंगावर घ्यायचा आणि त्याला गोलपर्यंत पोहोचू द्यायचं नाही, हे त्यांचं खरं कर्तृत्व. गोलची नोंद राहते. अडवलेल्या गोलांची कोण ठेवणार? म्हणून वाटतं, या माणसाबद्दल बोलताना सुरुवात त्यांच्या टॅकलपासून करावी.

रहीम साहेबांचं अवघ्या वर्षभरात, १९६३मध्ये कर्करोगानं निधन झालं. जर्नेल सिंग यांना १९६४मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढे ते भारताचे कर्णधारही झाले. खेळणं थांबल्यावर पंजाबात परतून त्यांनी प्रशिक्षणाचं काम केलं. २०००मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला त्यांचं निधन झालं.

नमस्कार.