डग्गा कुठे गेला?

नमस्कार श्रोतेहो.

गाडीतल्या कंपनीच्या स्टिरिओला कमी पैशांत बेस, म्हणजे खर्जाचा घुमारा, कसा आणायचा, हा आजचा विषय. विषय तरुण पोरांचा आहे असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या गाडीत बेस नाही ही तक्रार पहिल्यांदा केली ती ७९ वर्षांच्या माणसानं. तेव्हा वयाचं सोडा.

तीन शब्द लक्षात ठेवा. वायर, दार, डबा. याच क्रमानं. आधी वायर, मग दार, मग डबा. मी डब्यापासून सुरुवात केली होती, आणि ती हकिगत सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं पुढे जाववणार नाही.

मी एक जुनी, दुसऱ्याच्या हातची गाडी घेतली. छोटीच. स्टिरिओ कंपनीचा, पुढच्या दारांत दोन स्पीकर. बातम्या ऐकू येत होत्या, माझं काही अडत नव्हतं. एका रविवारी आम्ही इंदूरहून देवासला निघालो, टेकडीवर देवीच्या दर्शनाला. पुढे माझ्या शेजारी माझे सासरे, नाना. मागे बायको आणि मुलगी. नाना रामबागेतले. ज्यांनी अमीर खाँसाहेबांना समोर बसून ऐकलं, त्या इंदूरकरांतले. अशा माणसांना गाडीत बसवून गाणं लावणं म्हणजे काय जोखीम असते, हे ज्याचं त्याला ठाऊक. मी पेनड्राइव्हवर खाँसाहेबांचाच विलंबित ख्याल लावला. झुमरा ताल, १४ मात्रांचा, अगदी संथ. नानांनी डोळे मिटले. मला वाटलं, जिंकलो.

वाटेत मांगलिया आलं तसे नानांनी डोळे उघडले. म्हणाले, "जावईबापू, डग्गा कुठे गेला?"

"वाजतोय की, नाना."

"चाट वाजतेय. डग्गा नाही. हा तबलजी एका हाताचा आहे का?"

डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, खर्जाचा; चाट म्हणजे उजव्याच्या काठावरची टणक थाप. आता काय बोलणार? मी आवाज वाढवला. चाट वाढली, खाँसाहेब वाढले, डग्गा जिथे होता तिथेच, म्हणजे कुठेच नाही. तेवढ्यात मागून आमच्या मुलीनं, तेव्हा ती ११ वर्षांची, दोन सीटांमधून हात घालून स्टिरिओची बटणं दाबायला सुरुवात केली. आणि ओरडली, "बाबा, सगळा आवाज आजोबांच्या बाजूला नेला ना, की डग्गा येतो!" मी म्हणालो, "बटणांशी खेळू नकोस, मला समोर बघू दे."

श्रोतेहो, हे वाक्य जरा बाजूला काढून ठेवा. सगळा आवाज एका बाजूला नेला, की डग्गा येतो. पोरगी बरोबर सांगत होती. बापानं ऐकलं नाही.

सोमवारी मी महाराणी रोडला गेलो. दुकानातल्या मुलानं माझा स्टिरिओ जेमतेम अर्धा मिनिट ऐकला आणि म्हणाला, "भिया, इसमें बेस है ही कहाँ? डब्बा लगवा लो." डबा म्हणजे लाकडी पेटी, तिच्यात १० इंची वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, वर अ‍ॅम्प्लिफायर. पेटीवर सोनेरी अक्षरांत १२०० वॅट. सगळं मिळून ९,५०० रुपये. दोन तासांत डिक्कीत बसवून दिलं आणि त्याच्या आवडीचं गाणं लावलं. आरसा थरथरला, समोरचा पानवाला वळून बघायला लागला. मी छाती फुगवून घरी आलो.

बायकोनं डिक्की उघडली. म्हणाली, "अहो, नानांची खुर्ची कुठे ठेवायची?"

नाना कुठेही गेले तरी त्यांची घडीची खुर्ची बरोबर असते. ती मांडीवर घेऊन बसणं आता माझ्या बायकोच्या नशिबी आलं. पुढच्या रविवारी रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचं ठरलं. मागे बायको, खुर्ची, मुलगी. पुढे नाना. तोच ख्याल, तोच झुमरा. गीताभवन गेलं, पलासिया गेलं, नाना गप्प. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "डग्गा मागच्या गाडीत बसलाय वाटतं."

मी हसलो. ते हसले नाहीत. "आणि तो डग्गा नाही जावईबापू. कुणीतरी उखळात कांडतंय. मनगट दाबून घुमारा निघतो, तो कुठाय?"

९,५०० रुपये, श्रोतेहो. आणि उखळ.

त्या रात्री मला भुट्ट्याचा कीस गोड लागला नाही. आता सराफ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हल्ली तिथे चीज घातलेले जे प्रकार मिळतात ते सराफ्यात विकायला नकोत असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

पुढे नानाच मला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. जेल रोडच्या मागे एका बोळात त्यांचं दुकान, दुकान कसलं, एक टेबल आणि एक पंखा. नानांचा जुना व्हॉल्वचा रेडिओ ते दुरुस्त करायचे. त्यांनी डिक्कीतल्या पेटीकडे पाहिलंही नाही. पुढे बसले आणि विचारलं, "बैलेंस एक तरफ करके सुना?"

मला मुलीचं वाक्य आठवलं आणि कान गरम झाले.

मिस्त्रींनी आधी पेटीची वायर काढली. मग आवाज पूर्ण उजवीकडे नेला. डग्गा आला. पूर्ण डावीकडे नेला. डग्गा आला. मध्ये आणला. डग्गा गेला! पुन्हा एका बाजूला, आला. पुन्हा मध्ये, गेला. "साब, एक स्पीकर उल्टा जुड़ा है." त्यांनी स्टिरिओ बाहेर ओढला, मागचं कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवलं. दोन्ही दारांची पॅडं काढली. घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला, आणि एकेका स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवला. अधिकला अधिक, उण्याला उणं. उजव्या स्पीकरचा कागद टक्कन बाहेर आला. डावा टक्कन आत गेला. झालं. आधीच्या मालकानं कधीतरी डावा स्पीकर बदलून घेतला असणार आणि बसवणाऱ्यानं वायरी उलट्या जोडल्या. मिस्त्रींनी डाव्या दारातल्या त्या दोन वायरींची अदलाबदल केली. २० मिनिटं. १०० रुपये घेतले आणि सेल माझ्या हातात ठेवला. "घर की घड़ी में डाल लेना."

स्टिरिओ लावला. झुमरा सुरू झाला. नानांनी डोळे मिटले, आणि एकच शब्द बोलले. "आला."

त्या बोळात आम्ही अख्खा विलंबित ऐकला. मागे एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता, त्यालाही नानांनी हातानंच थांबवलं. घरी मुलीनं ऐकलं आणि तिनंही माझ्याकडून १०० रुपये वसूल केले. मिस्त्रींएवढेच. रास्त होतं.

आता यामागचं शास्त्र. घड्याळाकडे बघता जरा पटपट सांगतो.

स्पीकरचा कागद बाहेर आला की हवा दाबली जाते, आत गेला की ओढली जाते. एक बाहेर आणि दुसरा आत, असं चाललं तर एकानं ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. बारीक, उंच आवाजांना त्याचा फारसा फटका बसत नाही. खर्जाच्या आवाजाला बसतो, कारण त्याच्या लहरी लांब असतात. ५० हर्ट्झची एक लहर जवळजवळ ७ मीटर, म्हणजे तुमच्या गाडीपेक्षाही लांब. दोन्ही दारांच्या लहरी अख्ख्या गाडीभर एकमेकींना खोडून काढतात. आणि माझी पेटी भरत होती ती अगदी तळाची पट्टी. डग्ग्याचा घुमारा बराचसा त्याच्या वर, दारांतल्या स्पीकरांच्या वाट्याचा. तिथे खड्डा तसाच राहिला. म्हणून चाट पुढे आणि उखळ मागे.

तेव्हा पुन्हा सांगतो, आधी वायर. बॅलन्स एका बाजूला नेऊन बेस वाढला, तर एक स्पीकर उलटा आहे. काही उघडावं लागत नाही, कान लागतो. उघडलंच, तर सेल टेकवताना स्टिरिओचं कपलर सोडवलेलं हवं.

मग दार. डग्ग्याच्या भांड्याला भोकं पाडली तर घुमारा राहील का? गाडीच्या दाराचं तसंच आहे. आतल्या पत्र्याला मोठाली भोकं असतात, वर फक्त प्लास्टिकचा कागद. स्पीकरच्या पाठीमागची हवा त्या भोकांतून फिरून पुढे येते आणि पुढच्या आवाजालाच मारते. ब्युटाइलची चिकट शीट मिळते, एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असलेली. पत्रा स्पिरिटनं पुसून ती भोकं झाका, बाहेरच्या पत्र्यावर आतून एक-दोन तुकडे लावा, रोलरनं घट्ट दाबा. स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी. पुढच्या दोन दारांना मला दीड-दोन हजार लागले. पण दाराच्या अगदी खाली पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात, ती बुजवू नका. पावसाळ्यात दारात पाणी साचेल आणि पत्रा सडेल. आणि गच्चीची डांबरी पट्टी स्वस्त पडते म्हणून ती लावू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात ती ओघळते आणि गाडी डांबराच्या पिपासारखी घमघमते.

दार झाल्यावर बेसचं बटण. ते शेवटपर्यंत फिरवू नका. छोट्या स्पीकरवर आवाजही पूर्ण आणि बेसही पूर्ण, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर गुदमरतो, आवाज फाटतो आणि स्पीकरची कॉइल जळते. बेस म्हणजे पोह्यांवरचं जिरावन, चिमूटभर. तेही घरी भाजून कुटलेलं. पाकिटातल्या जिरावनात मला मीठच जास्त लागतं, बायकोला मान्य नाही.

वायर झाली, दार झालं, तरी समाधान नसेल तर डबा. डिक्की भरणारा नको. सीटखाली सरकणारा, आत अ‍ॅम्प्लिफायर असलेला ८ इंची मिळतो, साधारण ८-१० हजारांत. कंपनीचा स्टिरिओ बदलायला नको, स्पीकरच्या वायरींवरूनच तो आवाज घेतो. वॅटचा आकडा वाचू नका, फ्यूज वाचा. १५ अँपिअरचा फ्यूज आणि इंजिन चालू असताना १४ व्होल्ट, गुणाकार २१०. तो डबा सतत २१० वॅटपेक्षा फार जास्त घेऊच शकत नाही, देणार कुठून? माझ्या १२०० वॅटच्या पेटीला १५चाच फ्यूज होता.

बॅटरीकडून येणाऱ्या वायरीला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. नाहीतर वायर कुठे घासली की गाडी पेटते, यात अतिशयोक्ती नाही. वायर तांब्याची घ्या, सुरीनं खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्याला. आणि सीटखाली पिवळं कपलर दिसलं तर त्याला हात लावू नका, ते एअरबॅगचं असतं. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापू नका, जोडकपलर मिळतात.

काचेपलीकडून मला बोट दाखवलं जातंय, वेळ संपली. पेटीचं काय झालं ते तेवढं सांगतो. भाच्याला अर्ध्या किमतीत दिली. "मामा, जबरदस्त आहे," म्हणाला. तो राजेंद्रनगरला आमच्याच गल्लीत राहतो. रहिवासी भागात रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे हे मी त्याला दोनदा सांगून झालंय. तो ११ वाजता गल्लीत वळला की आमच्या मांडणीतली स्टीलची ताटं आधी आम्हाला कळवतात. परवा नाना आमच्याकडे मुक्कामाला होते. ताटं वाजली, तसे अंथरुणात उठून बसले, कान दिला आणि म्हणाले, "जावईबापू, यालाही त्या मिस्त्रीकडे पाठवा. याचाही एक उलटाच आहे."

नमस्कार.