जागा सोडलेला दीपस्तंभ

इंग्लंडमधल्या प्लिमथ बंदराच्या वर, 'द हो' नावाच्या मोकळ्या टेकाडावर, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा हा मनोरा उभा आहे. आजूबाजूला हिरवळ, बाकं, फिरायला आलेली माणसं. दीपस्तंभ इतक्या आत, गवतात कशाला बांधला? इथे बांधलाच नव्हता. तो आणलाय.

त्याची मूळ जागा इथून सुमारे 22 किलोमीटरवर, भर समुद्रातल्या एडिस्टन खडकांवर. भरतीला हे खडक बुडतात, म्हणूनच घातक. तिथला पहिला दीपस्तंभ 1703 च्या वादळाने नेला, तो बांधणाऱ्या हेन्री विन्स्टन्लीसकट. त्यानंतरचा लाकडाचा होता. 1755 मध्ये तो वरून, दिव्याच्या खोलीपासून पेटला.

मग काम आलं अभियंता जॉन स्मीटनकडे. त्याने दगड निवडला. बाहेरून ग्रॅनाइट, आत घडायला सोपा पोर्टलंडचा चुनखडीचा दगड. पोर्टलंड बाहेर का नाही? समुद्रातले शिंपले त्याला भोकं पाडतात.

आता दगडांचा एक थर डोळ्यांसमोर आणा. दगड चौकोनी नाहीत. प्रत्येकाची कड पारव्याच्या शेपटीसारखी, टोकाकडे रुंद होत गेलेली. शेजारच्या दगडाच्या खाचेत ती बसली, की आडवी ओढून निघत नाही. दगड वरच उचलावा लागतो. आणि वर पुढचा थर चढला, की तीही वाट बंद. तळाचे दगड तर खुद्द खडकात कोरलेल्या खाचांत अडकवले आहेत. थरावरून थर सरकू नये म्हणून मध्ये संगमरवराचे ठोकळे. चुना ओला असताना लाटेने दगड उचलू नये म्हणून ओकच्या खुंट्या.

खरी मेख होती चुन्यात. साधा चुना हवेने घट्ट होतो. पाण्याखाली तो मऊच राहतो आणि धुऊन जातो. तोवर समज असा, की जितका कठीण दगड तितका पक्का चुना. स्मीटनने वेगवेगळे दगड भाजून पाहिले, तर पाण्यात धरणारा चुना चिकणमाती मिसळलेल्या दगडाचा निघाला. वेल्समधल्या अबरथॉचा चुना आणि इटलीहून आलेली ज्वालामुखीची राख त्याने समप्रमाणात मिसळली. पुढच्या काळातल्या सिमेंटची वाट इथूनच निघते.

16 ऑक्टोबर 1759. दिवा लागला: 24 मेणबत्त्या. एवढ्याच! त्यांची काजळी झाडायची आठवण राहावी म्हणून घड्याळ दर अर्ध्या तासाला ठोका देई.

पुढची शंभरावर वर्षं सांधे हलले नाहीत. हरला तो खडक. लाटांनी खालून पोखरल्यामुळे मोठ्या लाटेसरशी मनोरा थरथरू लागला. म्हणून शेजारच्याच खडकावर जेम्स डग्लसने नवा दीपस्तंभ उभारला, 1882 मध्ये. स्मीटनचा वरचा भाग दगडागणिक उतरवून इथे नव्या पायावर चढवला आणि 1884 मध्ये लोकांना खुला केला.

आत 93 पायऱ्या आहेत. शेवटच्या तर शिडीसारख्याच उभ्या, तेव्हा दोन्ही हात मोकळे ठेवा. वर पोचल्यावर दक्षिणेकडे बघा. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर डग्लसचा मनोरा दिसेल. त्याच्या शेजारी आखूड खुंटासारखं जे उभं आहे, तो स्मीटनचा भरीव तळ. तो तिथून हलवलाच नाही.