धुरांड्याची निगा

(दृश्य : कौलारू छप्पर, शिडी, धुरांड्याची टोपी उतरवणारे हात)

भोर तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्याखाली वसलेल्या या वाडीत वैशाख सरण्याआधी एक काम उरकावेच लागते. घरातील कर्ते पुरुष शिडी लावून कौलांवर चढतात, धुरांड्याच्या तोंडावरील पत्र्याची टोपी उतरवतात आणि बांबूच्या टोकाला घट्ट बांधलेला काथ्याचा बोळा नळात वरून खाली सारतात. खाली चुलीपाशी बसलेल्या सूनबाई नळाच्या तळाशी ठेवलेल्या भोकातून पडणारी काजळी जुन्या घमेल्यात गोळा करतात. त्या घमेल्याकडे नीट पाहावे. वरची काजळी भुसभुशीत आणि फुंकरीने उडणारी आहे, पण तिच्याखाली काळेकुळकुळीत, चकचकीत, डांबरासारखे खवले आहेत. ओल्या लाकडाचा धूर नळाच्या थंड आतल्या अंगाला लागला की त्यातील डांबरी अंश आणि पाण्याची वाफ तिथेच थिजते, आणि थरावर थर चढून हे खवले तयार होतात. नळ अरुंद होत जातो, त्याची ओढ मंदावते, धूर घरात परततो. आणि एखाद्या दिवशी जाळ फार मोठा झाला तर हाच थर नळाच्या आत पेट घेऊ शकतो.

(दृश्य : वर्ध्यातील मगनवाडी, त्यानंतर चुलीचा लोखंडी साचा)

चुलीला धुरांडे असावे हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत, जिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चालत असे, तिथे १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली. पुढे १९५३ मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतून डॉ. राजू यांची निर्धूर चूल आली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ मध्ये तो थांबेपर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या गेल्या. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजेच ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, ‘लक्ष्मी’सारख्या साच्यातील चुलींचा प्रसार केला. चुली बसवल्या गेल्या, आकडे नोंदवले गेले. मात्र नळ कोणी, कधी आणि कशाने साफ करायचा, हे पुष्कळ घरांना कोणी सांगितलेच नाही. ओडिशात काही वर्षे पाठपुरावा करून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हेच दिसले की पहिल्या वर्षी धुराचा त्रास कमी झाला, पण पुढे देखभाल सुटत गेली आणि तो लाभही नाहीसा झाला. दोष चुलीच्या रचनेपेक्षा तिच्या मागे राहिलेल्या या उणिवेत अधिक होता, असे आम्हांला ठामपणे वाटते.

(दृश्य : माती मळणे, साचा भरणे, हातांचे जवळून चित्रण)

आता ही चूल घडताना पाहू. चाळलेल्या मातीत शेण आणि भाताचा तूस घालून ती आदल्या दिवशी भिजत ठेवलेली आहे. तूस नसेल तर माती वाळताना तडकते, म्हणून हात आखडता घेता येत नाही. मळलेली माती साच्यात ठोकून भरतात, पुढचे तोंड आणि भांडी ठेवायची दोन भोके मोकळी ठेवतात: पुढचे मोठे आणि मागचे, ज्याला वैल म्हणतात. वैलाखाली मातीचा एक आडवा उंचवटा केलेला दिसतो आहे. पुढून आलेली आच त्याला अडून वर उचलली जाते, वैलावरच्या भांड्याच्या बुडाला लागते आणि मगच नळाकडे जाते. पोतेरे फिरवताना हा उंचवटा दरवेळी थोडा थोडा झिजतो. तो झिजला की आच सरळ नळात निघून जाते, वैलावरचे पाणी तापत नाही आणि सरपण जास्त लागते. म्हणून घरातल्या आजी बोटाने चाचपून त्याची उंची पाहतात आणि सारवतानाच त्यावर मातीचा हात देतात. साचा काढल्यावर चूल सावलीत वाळू द्यावी लागते; घाईने जाळ केल्यास तिला भेगा पडतात, आणि भेगांतून आत शिरणारी हवा नळाची ओढ मोडते.

ही ओढ निर्माण होते ती तापलेला धूर बाहेरच्या हवेपेक्षा हलका असल्यामुळे. नळ उंच असावा, तापलेला असावा आणि त्याचे तोंड आढ्याच्या वर निघालेले असावे, नाहीतर छपरावरून उतरणारा वारा धूर पुन्हा आत ढकलतो. पावसाळ्यातल्या गार सकाळी नळ थंड असतो. अशा वेळी आजी आधी मूठभर वाळलेले गवत वैलात पेटवतात, नळ जरा तापू देतात आणि मगच पुढे काटक्या लावतात. वैलावर भांडे नसेल तर त्यावर झाकण ठेवतात, कारण उघड्या वैलातून हवा शिरली की पुढचा जाळ मंदावतो. तोंडात लाकडे कोंबल्यानेही तेच होते. लाकडांच्या वर हवेला वाट राहिली पाहिजे.

(दृश्य : पडवीतील सरपणाची रास, ओंडका फोडणे)

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणीच असू शकते. असे लाकूड चुलीत सुसवते आणि त्याच्या टोकाला फेस येतो. त्याची बरीचशी उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते आणि उरलेल्या थंड जाळातून धूर व काजळी निघते. म्हणून इथे ओंडके फोडून, चिरफळ्या करून, जमिनीपासून उचललेल्या बांबूंवर पडवीत रचतात. पाऊस लागू नये पण वारा खेळावा, अशी ती रचना आहे. लाकडाच्या टोकांना वाळून चिरा पडल्या आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला, म्हणजे जळण तयार झाले. चुलीच्या वरच्या माचावर लाकडे वाळत घालण्याची पद्धत जुनी आहे, पण त्या माचापर्यंत ठिणगी पोचते. या घरात तो माच काढून टाकलेला दिसतो, आणि ते योग्यच आहे. रंग किंवा रसायन लावलेले लाकूड, प्लायवुडचे तुकडे आणि प्लास्टिक चुलीत घालू नये.

(दृश्य : नळ छपरातून बाहेर पडतो ती जागा)

नळ छपरातून जातो तिथे लाकडी वासे त्याच्यापासून किमान वीतभर दूर आहेत आणि मधली जागा माती-सिमेंटने बांधून घेतली आहे. गवताच्या छपराच्या घरात हे अंतर बरेच जास्त लागते, आणि नळाच्या टोपीलाही वर पुरेशी उंची द्यावी लागते. राख उपसण्याचे काम सकाळी, चूल गार असताना करावे. राखेत दडलेला निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो, म्हणून ती पोत्यात किंवा प्लास्टिकच्या बादलीत न भरता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. चुलीजवळ पदर खोचलेला असावा आणि पाण्याची भरलेली बादली हाताशी असावी.

(दृश्य : आजींचा चेहरा, डोळे. इथे क्षणभर निवेदन नाही.)

घरातील धुरामुळे जगात दरवर्षी लाखो माणसे अकाली मरतात, त्यात बायका आणि लहान मुले सर्वांत जास्त धुरात असतात. थंडीच्या रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे त्याहून तातडीचा धोका आहे, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो आणि वासही नसतो.

(दृश्य : उदबत्ती लावून केलेली तपासणी)

साफसफाई झाल्यावर टोपी बसवून वैल झाकतात, चूल पेटवतात आणि पेटलेली उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरतात. तिचा धूर आत ओढला गेला तर नळ मोकळा आहे. तो बाहेर येऊ लागला तर प्रथम तळाचे भोक बंद आहे का ते पाहतात, मग वैलापासून नळापर्यंतची वाट हाताने चाचपतात, कारण राख आणि काजळी साचते ती बहुधा तिथेच. ही वाट आठवड्यातून एकदा आणि नळ महिन्यातून एकदा झाडला, तर वैशाखातल्या मोठ्या सफाईच्या वेळी घमेल्यात खवले कमी पडतात. एवढे करूनही धूर परतत असेल, तर पुन्हा शिडी लावून टोपीखाली पाखरांनी घरटे बांधले आहे का ते पाहावे.