घुमटाचं उघडं तोंड आणि डिकीतला सब

(गाड्यांचं ध्वनिकाम शिकणाऱ्या मुलांपुढे आणि सुतारकाम करणाऱ्यांपुढे फोंड्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. हे घुमट, म्हणजे मातीच्या घटाच्या एका तोंडावर कातडं चढवलेलं आपलं वाद्य, मी मुद्दाम घरून आणलंय. चवथीला आमच्याकडे आरतीत हेच वाजतं. आधी ऐका, मग बोलू. उजव्या हाताने कातड्यावर थाप मारतोय आणि मागचं लहान तोंड पूर्ण उघडं आहे. हा आवाज लक्षात ठेवा. आता डावा तळवा त्या तोंडावर अर्धा आणतो. सूर खाली उतरला ना? आणखी झाकतो, आणखी खाली. आणि पूर्ण बंद केलं की नुसती कोरडी थाप उरते, गुंजन गेलं.

डिकीत सबसाठी, म्हणजे खालच्या सुरांच्या सबवूफर स्पीकरसाठी, पोर्टेड (तोंड ठेवलेला) बॉक्स बसवता तेव्हा तुम्ही हेच वाद्य बांधत असता. कातड्याच्या जागी स्पीकरचा कोन (पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा), मातीच्या घटाच्या जागी प्लायचा बॉक्स आणि या लहान तोंडाच्या जागी पोर्ट. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं चढवत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, म्हणून आता बकऱ्याचं चढवतात. कातडं बदललं तरी घटाचं आणि तोंडाचं नातं तेच राहिलं, आणि आजचा सगळा विषय त्या नात्याचा आहे.

माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा मुलगा म्हणतो, ‘पोर्ट मोठं ठेवा, म्हणजे खालचा आवाज जास्त येईल.’ आत्ता तुम्ही स्वतःच्या कानांनी उलट ऐकलंत. तोंड मोठं झालं की सूर वर चढतो, लहान झालं की खाली येतो. असं का, ते एकदा नीट समजलं की पुढची सगळी आकडेमोड सोपी होते.

पोर्टला भोक समजू नका. पोर्ट म्हणजे हवेचा एक ठोकळा. त्या ठोकळ्याला वजन आहे. बॉक्समधली बाकीची हवा त्याला स्प्रिंगसारखी धरून ठेवते: आत दाबला की बाहेर ढकलते, बाहेर गेला की आत ओढते. स्प्रिंगवर टांगलेल्या वजनाला झोका घ्यायची स्वतःची एक लय असते, तशी याचीही असते. पोर्ट लांब केलं तर ठोकळा जड होतो, लय मंदावते, सूर खाली जातो. बॉक्स मोठा केला तर स्प्रिंग मऊ पडते, तेव्हाही सूर खाली. तोंड रुंद केलं तर मात्र स्प्रिंगला ढकलायला जास्त जागा मिळते आणि सूर वर जातो. म्हणून रुंद तोंड हवं असेल तर त्याबरोबर लांबीही वाढवावी लागते. आपल्या कामातली खरी ओढाताण इथेच आहे, कारण लांबी डिकीत मावत नाही.

आता या लयीचा स्पीकरला उपयोग काय? कोन पुढे जातो तेव्हा मागे हवा विरळ होते. मागचा आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा असतो, म्हणून दोन्ही उघड्यावर एकत्र आले की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. सीलबंद बॉक्स मागचा आवाज कोंडून ठेवतो. पोर्टेड बॉक्स त्याला कामाला लावतो: त्या ठोकळ्याच्या लयीपाशी मागचा आवाज उलटा फिरून पोर्टमधून पुढच्याच्या साथीला बाहेर येतो. ठीक त्या सुराला कोन जवळजवळ स्थिर उभा असतो आणि आवाज जवळपास सगळा पोर्ट काढतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी ॲम्प्लिफायरची वायर सुटली की काय म्हणून तपासत बसलो होतो.

पोकळीच्या या सुराचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने केला. स्पीकरच्या पेटीसाठी तो वापरायचं पेटंट अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या अल्बर्ट थुरासने १९३० मध्ये मागितलं आणि १९३२ मध्ये ते मिळालं. तरी पुढची तीस वर्षं बॉक्स बहुतेक अंदाजानेच बांधले जात. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी गणित बसवलं. स्पीकरच्या खोक्यातल्या कागदावर एफएस (स्पीकरचा स्वतःचा सूर), क्यूईएस आणि क्यूटीएस (त्याचं हलणं किती आवरलं जातं), व्हीएएस (त्याच्या स्प्रिंगएवढी हवा) असे आकडे छापलेले असतात, ते या दोघांचे. तो कागद फेकू नका. एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर शंभराच्या आसपास आलं तर तो स्पीकर पोर्टसाठी चांगला; पन्नास किंवा त्याखाली आलं तर त्याला सीलबंद बॉक्स द्या आणि सुखाने झोपा.

माझ्या पहिल्या बॉक्सची गोष्ट सांगतो, कारण तीच चूक तुमच्यातले अर्धे जण करणार आहेत. १२ इंची सब होता. हिशेबात ५० लिटरचा बॉक्स आणि ३४ हर्ट्झचा सूर धरला होता. मी आतून बरोबर ५० लिटरचा बॉक्स बांधला आणि मग त्यात पोर्ट घातलं. पोर्टच्या हवेने १० लिटर खाल्ले, पोर्टच्या फळीने जवळपास ४, स्पीकरच्या मागच्या मॅग्नेटने आणि टोपलीने (सांगाड्याने) ३. उरले ३३ लिटर. स्प्रिंग कडक झाली आणि सूर ३४ वरून ४२ हर्ट्झपर्यंत चढला. आता योगायोग बघा: बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला लागते. गोव्यात बेस गिटार ऐकल्याशिवाय आठवडा जात नाही. त्या तारेवर बोट पडलं की अख्खी गाडी थरथरायची आणि शेजारच्या सुरांना आवाजच नसायचा. मित्र म्हणाले, काय दणका आहे! मला मात्र गाणं ऐकू येत नव्हतं, एकच सूर ऐकू येत होता.

तेव्हा हिशेब असा करायचा. आधी स्पीकरला लागणारी निव्वळ हवा ठरवा, इथे ५० लिटर. मग पोर्टचं तोंड. १२ इंचीला मी १५० चौरस सेंटिमीटर धरतो, म्हणजे ५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच फट. तोंड याहून फार लहान ठेवलं तर जोरात वाजवताना हवा इतक्या वेगाने धावते की फुसफुस ऐकू येते. सेकंदाला १७ मीटरच्या आत वेग राहिला तर पोर्ट गप्प राहतं. आता लांबी. तोंडाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये घ्या, ३०,००० ने गुणा. त्याला लिटरने भागा, मग हर्ट्झच्या वर्गाने भागा. १५० गुणिले ३०,००० म्हणजे ४५ लाख. भागिले ५०, भागिले ११५६. उत्तर ७८ सेंटिमीटरच्या जवळ. पण पोर्टच्या दोन्ही टोकांबाहेरची थोडी हवाही ठोकळ्याबरोबर हलते, म्हणून त्यातून १० सेंटिमीटर कमी करा. राहिले ६८.

डिकीत ६८ सेंटिमीटरचं सरळ पोर्ट कुठे मावणार? म्हणून ते काटकोनात वळवायचं: बाजूच्या भिंतीला लागून मागे न्यायचं आणि मागच्या भिंतीला लागून वळवायचं. आता सगळं एकत्र करा. हवा ५०, पोर्ट १०, फळी ४, स्पीकर ३, आधारपट्टी १. एकूण ६८ लिटर. आतून ७५ सेंटिमीटर रुंद, ३० खोल, ३० उंच घेतलं की साडेसदुसष्ट लिटर होतात, म्हणजे हिशेब बसला. भिंतीला लागून असलेल्या फटीत टोकाची कपात थोडी जास्त निघू शकते. म्हणून पोर्टचा आतला शेवटचा तुकडा आधी नुसत्या स्क्रूवर बसवा, सूर मोजा, मगच गोंद लावा. आणि पोर्टचं आतलं टोक समोरच्या भिंतीपासून निदान ५ सेंटिमीटर लांब हवं. तोच नियम बाहेरच्या तोंडाला आणि डिकीच्या पत्र्याला.

लाकडाबद्दल मी हट्टी आहे. बाहेरच्या माहितीत सगळीकडे एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) सांगतात. तो जड आहे, एकसारखा आहे, त्याच्या कापाला धार चांगली येते, हे सगळं खरं. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओल्या छत्र्या, समुद्रावरून आणलेले ओले टॉवेल, मासळीची पिशवी, सगळं डिकीतच जातं. एमडीएफची उघडी कड पाणी पिते आणि फुगते, आणि एकदा फुगली की पुन्हा बसत नाही. सांधा उघडला की तिथून हवा शिटी मारते. म्हणून १८ एमएमचा मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून. महाग पडतो, पण दोन पावसाळ्यांनी बॉक्स परत बांधावा लागला तर जास्त महाग पडेल. आतून बाहेरून सगळ्या कडांना सीलर द्या, पोर्टच्या आतल्या भिंतींनासुद्धा, कारण ती एकमेव जागा जिथून दमट हवा रोज आत-बाहेर करते.

इथे बसलेल्या मेस्तांना (सुतारांना) गुण्या कसा धरायचा हे मी शिकवणार नाही. एवढंच सांगतो की कपाटाचा सांधा आणि हा सांधा वेगळे. कपाटाला फट राहिली तर दिसायला वाईट; इथे केसाएवढी फट राहिली तर आवाज येतो. गोंद भरपूर, स्क्रू १५ सेंटिमीटरवर, आणि आतून प्रत्येक कोपऱ्यात सिलिकॉनची रेघ. सिलिकॉन पूर्ण सुकू द्या, मगच स्पीकर बसवा. ७५ सेंटिमीटरची रुंद फळी मधे आधाराशिवाय सोडू नका, ती स्वतःच बोलायला लागते. पोर्टच्या दोन्ही टोकांच्या कडा रंधून, घासून गोल करा. तीक्ष्ण कडेवर हवा फाटते. स्पीकरखाली गॅस्केट (हवाबंद पट्टी) आणि लाकडी स्क्रूऐवजी टी-नट (फळीत मागून बसवायचा आट्यांचा नट), म्हणजे दहा वेळा काढून बसवला तरी भोक सैल होत नाही.

दोन गोष्टींत तडजोड करू नका. पहिली, ॲम्प्लिफायरवरचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालचे सूर अडवणारी सोय. ठरवलेल्या सुराखाली हवेचा ठोकळा कोनाला धरून ठेवत नाही. कोन मोकाट सुटतो आणि तुटेपर्यंत हलतो. ३४ च्या बॉक्सला फिल्टर ३० च्या आसपास ठेवा. त्याखालचं फार काही गमावत नाही आपण, कारण बंद गाडीच्या लहान जागेत सगळ्यात खालचे सूर आपोआप उचलले जातात. दुसरी, बॉक्स गाडीला बोल्टने बांधा. स्पीकरसकट तो पंचवीस किलोच्या घरात जातो. ब्रेक लागला की तो पुढे आदळतो, आणि मागच्या सीटवर मूल बसलेलं असू शकतं.

आणि रात्री दहानंतर आवाज खाली. कायदा आहेच, पण ३४ हर्ट्झची लाट दहा मीटर लांब असते. चिऱ्याची भिंत आणि बंद खिडकी तिला अडवत नाहीत. घरात आजारी माणूस झोपलेलं असतं, ते आपल्याला गाडीत बसून दिसत नाही.

आता शेवटचं, तपासणी. मल्टिमीटर असेल तर सूर बदलत मोजताना स्पीकरच्या रोधाला (इम्पिडन्सला) दोन शिखरं मिळतात, आणि त्यांच्या मधल्या दरीत तुमच्या बॉक्सचा सूर असतो. नसेल तर डोळे पुरतात. बाहेर आवारात माझी गाडी उभी आहे, डिकी उघडी ठेवली आहे. मोबाइलमधून ५० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली येणारा सूर सोडतो, आवाज कमी ठेवून. कोनवर खडूचा एक ठिपका काढलाय, त्याच्याकडे बघत राहा. आधी तो धूसर दिसेल. मग एका आकड्याला स्वच्छ, स्थिर दिसेल. त्या क्षणी पोर्टच्या तोंडासमोर हात धरा, वारा लागेल. आकडा काय आला ते मोठ्याने सांगा, मी वहीत लिहून घेतो. चला, दोघं-दोघं या.