लेकीच्या घरचा मुक्काम

श्रोतेहो, राम राम.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार, वय सत्तरीकडे झुकलेलं. 2020 साली आम्ही दोघं नवरा-बायको न्यू जर्सीत, लेकीच्या घरी अडकलो होतो. कोरोनाचे आकडे तेव्हा तुम्ही रेडिओवर रोज ऐकत होता, ते मी पुन्हा सांगत नाही. मी सांगणार आहे ते घराच्या आतलं.

पूर्वी लेक बाळंतपणाला माहेरी यायची. आता माहेरच पिशव्या भरून विमानात बसतं. लेकीचं दुसरं बाळंतपण होतं, म्हणून आम्ही फेब्रुवारीत निघालो. मिरुगाच्या आधी परतायचं, पेरणी गाठायची, असा माझा हिशेब. मार्चमध्ये तो मोडला. न्यू जर्सीच्या गव्हर्नरनं 21 तारखेला लोकांना घरातच राहायला सांगितलं, 22 ला आपल्याकडे जनता कर्फ्यू झाला, आणि लगेच भारतात येणारी विमानंही थांबली.

जुनी माणसं लेकीच्या गावचं पाणीसुद्धा पीत नसत. आम्ही तितके कडक नाही, पण लेकीकडे दोन दिवसांच्या वर राहणं अंगावर येतंच. धाकटा भाऊ फोनवर विचारायचा, "भाऊ, पोरीच्या घरी किती दिवस रायता आता?" मी काय सांगणार? विमान माझ्या हातात होतं थोडंच!

जन्मभर मी घरात जेवण्यापुरता आणि झोपण्यापुरता. सकाळी वावर, दुपारी बांधावर भाकर, संध्याकाळी पारावर बसणं. तिथं वावर नाही अन् पारही नाही. आमच्या सौ.ला पहिल्या दिवसापासून काम होतं: डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, थोरल्या नातवाचं जेवणखाण. मला सगळे म्हणायचे, "बाबा, तुम्ही आराम करा." काम करणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

एप्रिलमध्ये नात झाली. दवाखान्यात बाळंतिणीसोबत एकाच माणसाला जाऊ देत होते, म्हणून जावईबापू गेले. जिच्यासाठी एवढा विमानप्रवास केला ती आजी घरी, मोबाईल हातात धरून. बाळ-बाळंतीण घरी आल्यावर तिनं तव्यावर ओवा टाकून धुरी द्यायचं ठरवलं. छताला धूर ओळखणारं यंत्र असतं, ते असं कोकललं की जावईबापू ऑफिसची मीटिंग सोडून टॉवेल हलवत धावले. धुरी तिथंच संपली. बारसं व्हिडिओवर झालं. तिथं रात्रीचे साडेआठ, इथं पहाटेचे सहा. इकडच्या बाया पाळणा म्हणत होत्या आणि आवाज तिकडे थांबून थांबून पोचत होता. आमची सौ. एक ओळ पुढं, गाव एक ओळ मागं.

जावईबापूंचं थोडं सविस्तर सांगतो. आपल्याकडे जावई म्हणजे पाटावर बसवायचा माणूस. हा गडी दिवसभर कॉम्प्युटरवर आणि रात्री सगळ्यांची जेवणं झाली की भांडी घासायला उभा! सासऱ्यानं सोफ्यावर बसून बघायचं का? मी फडकं घेतलं. "बाबा, राहू द्या," म्हणून त्यांनी बरीच ओढाताण केली. शेवटी तडजोड झाली, त्यांनी घासायचं आणि मी पुसून कपाटात लावायचं. आमची सौ. दारातून बघत होती. घरी मी कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नव्हता, पण ती काही बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या सिंकपाशीच जावईबापू मला खरं सांगायला लागले. कंपनीत माणसं कमी करत होते. त्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर 60 दिवसांत दुसरी शोधायची, नाही तर बायकापोरांसह देश सोडायचा. घर भाड्याचं, हाताशी तान्हं बाळ. ही गोष्ट त्यांनी लेकीलाही पुरती सांगितली नव्हती. गावात आम्ही सांगत फिरतो की पोरगी अमेरिकेत आहे, डॉलरमध्ये पगार आहे. आपलं पीक गेलं तरी वावर जागेवर राहतं. त्यांच्या पायाखाली तेवढंही नव्हतं, आणि तरी सकाळी नऊला इस्त्रीचा सदरा घालून ते कॅमेऱ्यासमोर हसत बसायचे. खालून मात्र घरातली अर्धी चड्डी. त्यांची नोकरी टिकली, म्हणून आज हे एवढ्या मोकळेपणानं बोलतोय.

थोरल्या नातवाची पहिलीची शाळाही कॉम्प्युटरवर. त्याला जागेवर बसवून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मास्तरीणबाईंचं इंग्रजी मला निम्मंही कळत नव्हतं, पण पोरगं खुर्चीतून कधी सरकतंय ते भाषेशिवाय कळतं. एकदा मी नुसत्या बनियनवर मागून गेलो, तर सगळ्या वर्गानं हात हलवले. त्या दिवसापासून आमची सौ. मला सकाळीच सदरा घालायला लावू लागली.

किराणा आला की प्रत्येक पुडकं पुसून घ्यायचं, तो काळच तसा होता. हिंदुस्थानी दुकानात एका घराला आट्याचं एकच पोतं मिळायचं. तुरीच्या डाळीचा डॉलरमधला भाव बघून मी रुपयांत हिशेब केला आणि गप्प बसलो. इकडे भावाच्या घरात कापूस छताला टेकलेला. लांब धाग्याचा हमीभाव 5550 रुपये क्विंटल, पण लॉकडाऊनमध्ये खरेदीच बंद. पुढं जूनमध्ये सोयाबीन उगवलंच नाही. त्या साली कितीतरी गावांत बियाणं वांझ निघालं आणि लोकांना दुबार पेरणी करावी लागली, तुम्हाला आठवत असेल. भाऊ मोबाईल फिरवून रिकामी तासं दाखवायचा. मी तिथून काय करणार? "थांब, चांगला पाऊस होऊ दे," एवढंच.

मग मी घरामागच्या चार हात जागेत किराण्यातले मेथीदाणे टोकले, धने चोळून फोडून पेरले. तिथं मे उजाडेपर्यंत थंडीच जात नाही. मेथी वर आली आणि एका सकाळी बघतो तर शेंडे गायब. हरणं! भरवस्तीत, लोकांच्या अंगणात बिनधास्त चरणारी. इथं रोही आणि रानडुकरांपायी जागली करून आयुष्य गेलं, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच. काठी घेऊन खिडकीत बसलो. लेक म्हणाली, "बाबा, हरणाला मारलं तर इथं पोलीस येतील." मी म्हटलं, "मारत नाही माय, नुसता दिसतो त्याला." पुढची मेथी घरात आली. आलू घालून भाजी केली होती.

आम्हाला तिथं राहायची मुदत सहा महिन्यांची, ऑगस्टपर्यंत. ती संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज केला की निकाल लागेपर्यंत राहता येतं. तेव्हा फी होती 370 डॉलर आणि बोटांच्या ठशांचे दोघांचे 85-85. सगळे मिळून 540. तेव्हाच्या दरानं चाळीस हजार, म्हणजे सात क्विंटलांवर कापूस. जावयानं भरले. मी परत देऊ केले तर ते रागावले, मग नातीच्या नावानं इथं पोस्टात टाकले.

अडकलेल्यांना परत आणणारी सरकारची वंदे भारतची विमानं 7 मेपासून सुरू झाली होती, पण माझं बीपी आणि आमचं वय बघून लेकीनं सोडलं नाही. दिवाळीच्या तोंडावर आलो. गावात काही दिवस लोक लांबूनच रामराम घालत. त्याचा राग नाही आला, मीही तेच केलं असतं.

फेब्रुवारीत अमरावतीकडे पुन्हा लॉकडाऊन लागलं, यवतमाळातही रुग्ण वाढले, आणि काळजीची दिशा फिरली. आता लेक तिकडून रोज विचारायची, "बाबा, ऑक्सिजन किती दाखवतंय? घरात कोण कोण आलं होतं?" 1 मार्च 2021 पासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. आम्ही दोघांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट टोचून घेतली, तेव्हा तिकडे लेकीच्या वयाच्या लोकांचा नंबर अजून लागला नव्हता. ही गोष्ट मी त्या आठवड्यात पारावर येईल त्याला सांगितली, काहींना दोनदा.

नमस्कार.