राणीचा विमा

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या घरी राणी आहे. गावठी कुत्री, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात एका संध्याकाळी तिनं भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक, आणि कानाच्या घडीत मसुराएवढी गोचीड. गोचीडताप! प्लेटलेट घसरलेल्या. पाच दिवस सलाईन आणि रोज रक्त तपासायचं. राणी वाचली. पण दवाखान्याच्या बाकावर तिचं डोकं मांडीवर घेऊन मी मनातल्या मनात पैसे मोजत होते, ते आजही बोचतं.

म्हणून सांगते, कुत्र्याचा विमा घ्यायचा की नाही, हे ते धडधाकट असतानाच ठरवा. आधीपासून असलेल्या आजाराला विमा कंपन्या सहसा पैसे देत नाहीत. पॉलिसी घेतल्यावरही आजारपणासाठी सुरुवातीचे काही दिवस थांबावं लागतं. कुत्रं सात-आठ वर्षांचं झालं की बऱ्याच कंपन्या नव्यानं घेतच नाहीत. आणि लस चुकली असेल, मग पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा तो जीवघेणा आजार, झाला, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. लसीचा, जंताच्या औषधाचा खर्च तर बहुधा आपलाच. एजंट काय सांगतो ते ऐका, पण 'काय मिळणार नाही' हे पान घरी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा.

काहीजण म्हणतात, त्यापेक्षा महिन्याला हजार रुपयांची आरडी लावू. चांगलंच आहे. पण पिल्लू तिसऱ्या महिन्यात मोटारसायकलखाली आलं, तर हाताशी तीनच हजार असतात. पायात सळई घालायची तर तेवढ्यात काय होणार? म्हणून माझं मत असं की पिल्लू असेल तर विमा घ्या आणि म्हातारं असेल तर आरडी लावा. मुंबईकरांना परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचा आधार आहे. तालुक्याच्या गावी रात्री अकराला डॉक्टर शोधणं हेच मोठं काम, तिथे गाडीभाड्याचे पैसेसुद्धा बाजूला ठेवावे लागतात.

गावठी कुत्र्याचा विमा होत नाही, असं मला शेजाऱ्यांनी ठामपणे सांगितलं होतं. होतो. राणीचा झाला. समोरून, दोन्ही बाजूंनी फोटो काढले, टिळ्याचा जवळून काढला. गोचीडतापाची गोष्ट मी फॉर्मवर लपवली नाही. लपवली असती तर पुढे दावा अडकला असता, आणि तेव्हा राणी पुन्हा त्याच बाकावर असती.

आता तिच्या लसीचं पुस्तक, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, बिलं, पॉलिसीचा कागद, सगळं एका कापडी पिशवीत, तिच्या साखळीशेजारच्या खिळ्याला टांगलंय. परवा तिची रेबीजची लस आहे. पिशवी काढली की तिला कळतं, आणि ती पलंगाखाली जाऊन बसते.